फुतोनचं दुसरं टोक

क्योटोतल्या एका जुन्या ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या घरात, आमचं जेवण नुकतंच उरकलं होतं. बुटक्या मेजावरच्या वाट्या-बशांची शेवटची खेप घेऊन नाकाईसान गेल्या होत्या आणि आई, बाबा आणि मी तातामीच्या जाड गवती चटयांवर पाय पसरून बसलो होतो. नाकाईसान म्हणजे आमच्या खोलीचं सगळं बघणाऱ्या बाई. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. करडा किमोनो, अंगाने किरकोळ, पण पाऊल ठाम. थोड्या वेळाने त्यांनी बाहेर गुडघ्यांवर बसून दार सरकवलं, वाकून नमस्कार केला, आत येऊन मेज भिंतीकडे सरकवलं आणि भिंतीतल्या कपाटातून फुतोनच्या गाद्या काढायला घेतल्या. पहिली गादी त्यांनी छातीशी धरून बाहेर ओढली मात्र, आई उठली आणि तिने गादीचं दुसरं टोक धरलं.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. नाकाईसान हसून हळूच म्हणाल्या, "आपण बसा ना." आईला शब्द कळले नाहीत तरी अर्थ कळला, पण तिने टोक काही सोडलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांना सांग, तुम्ही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. तुम्ही अंथरूण घालायचं आणि मी बसून बघायचं, हे मला जमायचं नाही." मी पेशाने दुभाषी. पुण्यातल्या कारखान्यांतले इंजिनिअर आणि नागोयाकडची त्यांची जपानी मंडळी यांच्यात बसून रोज एकाचं दुसऱ्याला सांगायचं, हेच माझं काम. तेव्हा आईचं वाक्यही मी जपानीत मिळेल तेवढा आदर घालून सांगितलं. नाकाईसाननी ते पूर्ण ऐकून घेतलं, आईकडे बघत मान लववली आणि म्हणाल्या, "तुमच्या भावनेबद्दल आभारी आहे. पण हे माझं काम आहे, आणि मला ते चांगलं येतं."

मी ते मराठीत सांगितलं. आईने टोक सोडलं आणि ती बाजूला होऊन बघायला लागली.

खरंच बघण्यासारखं होतं ते. गादीवर गादी, दोन्हींच्या कडा हाताच्या पंजाने चाचपून एका रेषेत आणलेल्या. पांढरी चादर एकाच झटक्यात हवेत उघडून खाली आली, मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाताना त्या गुडघ्यांवरच सरकत होत्या आणि प्रत्येक कोपऱ्याला कापडाची घडी घालून ती गादीखाली सारत होत्या. वर जाड पांघरूण, उशाशी कुट्टूच्या टरफलांनी भरलेली उशी, ती दोन्ही बाजूंनी थोपटून मधे किंचित खोलगट केलेली. तिन्ही अंथरुणं झाल्यावर पाण्याचा तांब्या आणि पेले उशाशी आले, एक दिवा मंद झाला, एक विझला. या सगळ्यात दोन्ही हातांची एकही हालचाल वाया गेली नव्हती. आई जन्मभर गाद्या घालत आणि काढत आलेली आहे. वाईच्या आमच्या जुन्या घरात सकाळी वळकट्या भिंतीला लागल्याशिवाय चहा मिळत नसे. दुसऱ्याच्या हातातलं कसब ओळखायला तिला माझ्या भाषांतराची गरज नव्हती. नाकाईसान गेल्यावर ती चादरीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत इतकंच म्हणाली, "काय हात आहे बाईचा."

पण मला मात्र त्या वाक्याने नंतर बरेच दिवस छळलं. हे माझं काम आहे, आणि मला ते चांगलं येतं. आईच्या मनात वयाचा मान होता, त्यात खोट काढायला जागा नाही. तरी त्या बाईंना त्या मानाची गरज नव्हती. त्यांना हवा होता तो त्यांच्या कामाचा मान, आणि तो द्यायचा तर आम्ही बसून राहायला हवं होतं. आपल्याकडे अंथरूण कोण घालतं? घरातली बाई घालते, नाहीतर पगारी माणूस. घरच्या बाईला ते करताना कोणी बघत नाही आणि पगारी माणसाला बघून न बघितल्यासारखं करतात. तिसरी जागा आपल्याला ठाऊकच नाही. कुणी तरी आपल्यासाठी काही करतं आहे, ते उत्तम करतं आहे, आणि आपण शांत बसून, संकोच न करता, लक्ष देऊन ते घ्यायचं, ही सवय आमच्या घरात कुणाला नव्हती. मलाही नव्हती, आणि माझा तर या देशाशी रोजचा संबंध.

आदल्या आठवड्यात आम्ही टोकियोत होतो, एका मोठ्या हॉटेलात, बऱ्याच वरच्या मजल्यावर. तिथेही रोज कुणीतरी आमची अंथरुणं घालत होतं. सकाळी फिरायला बाहेर पडावं आणि संध्याकाळी यावं तो पलंगावर एकही सुरकुती नाही, टॉवेल नवे, चहाच्या पुड्या भरलेल्या, बाबांचा चष्मा टेबलावर मऊ कापडावर ठेवलेला. कोण आलं, कितीजणी आल्या, कोणत्या वयाच्या, कधी दिसलं नाही. एकदा कॉरिडॉरमध्ये ढकलगाडी दिसली तर ती बाई आम्हाला बघून भिंतीला टेकून उभी राहिली आणि आम्ही जाईपर्यंत हलली नाही. आईला तिथे एकदाही उठून टोक धरावंसं वाटलं नाही. धरायला टोकच नव्हतं. त्या हॉटेलच्या पैशांत दृश्य होतं, शांतता होती, आणि आपल्यासाठी राबणारे हात आपल्याला न दिसण्याची सोयही होती. ही सोय इतकी गुळगुळीत असते की आपण तिची किंमत मोजली आहे हे लक्षातही येत नाही.

जपानला निघालेले ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "हॉटेल घेऊ की ऱ्योकान?" पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी, कंपन्यांमुळे येणं-जाणं मोठं, आणि आता चेरीचा बहर बघायला जाणारी कुटुंबंही पुष्कळ. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं. ऱ्योकान म्हणजे खरं जपान, हॉटेल म्हणजे कुठेही मिळेल ते. म्हणून सगळा प्रवास हॉटेलांत आणि मधे एक रात्र ऱ्योकानची, अनुभव म्हणून. ती एक रात्र ते अशा दिवशी घालतात की क्योटोतली बघायची ठिकाणं एकाच दिवसात, सकाळी फुशिमी इनारी, दुपारी आराशियामा, संध्याकाळी गिओन, आणि रात्री नऊला दमून-भागून ऱ्योकानच्या दारात. मला हे ऐकवत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगते की असं करायचं असेल तर ऱ्योकान घेऊ नका, पैसेही वाया आणि त्या घरातल्या माणसांची संध्याकाळही वाया.

कारण ऱ्योकानचा दिवस हॉटेलच्या दिवसासारखा लवचिक नसतो. दुपारी तीनच्या सुमारास तुम्ही यावं अशी अपेक्षा असते. दारात बूट काढायचे, खोलीत गेल्यावर चहा आणि एक गोड पदार्थ समोर येतो. तेव्हाच विचारतात, जेवण सहाला की साडेसहाला. फार तर सात. त्या वेळेवर स्वयंपाकघर बांधलेलं असतं. काइसेकी जेवण म्हणजे एकामागून एक येणाऱ्या छोट्या-छोट्या बशा, त्यांतली गरम ती गरमच यायला हवी, कच्चा मासा कापल्यावर थांबवून ठेवता येत नाही. पैसे खोलीमागे नव्हे, माणसामागे लागतात आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते, खोली ही त्यातली फक्त एक बाब. जेवण होतं, मग अंथरुणं पडतात, सकाळी ती उचलली जातात, न्याहारी येते आणि दहा-अकरापर्यंत तुम्ही निघता. या सगळ्या वेळात एक-दोन माणसांचा दिवस तुमच्या दिवसाला जोडलेला असतो. हॉटेलात तुम्ही रात्री बाराला आलात काय आणि पहाटे पाचला गेलात काय, कुणाचंही काही अडत नाही. मला स्वतःला कामाच्या दौऱ्यांत हे न अडणं फार प्रिय आहे. दिवसभर दोन भाषांच्या मधे उभं राहिल्यावर रात्री कुणाशीही एक अक्षर न बोलता कार्ड लावून खोलीत शिरता येणं, याचं सुख ज्याला ठाऊक त्यालाच ठाऊक.

शहराचा स्वभावही बघायला हवा, आणि तो कुणी बघत नाही. क्योटोतली बहुतेक देवळं साडेचार-पाचला बंद होतात. पाचनंतर करायचं काय, हा प्रश्न तिथे दर प्रवाशाला पडतो, आणि ऱ्योकानची संध्याकाळ नेमकी तेव्हाच सुरू होते. देऊळ बंद झालं, आपण परतलो, अंघोळ केली, युकाता हा सुती किमोनो घातला, जेवण आलं. शहर आणि घर दोन्ही एकाच चालीने चालतात. टोकियोचं तसं नाही. टोकियो संध्याकाळी उघडतं. शिंजुकूच्या गल्ल्या, गिन्झाचे दिवे, छोट्या-छोट्या खाणावळी, पुस्तकांची दुकानं, सगळं दिवेलागणीनंतर रंगात येतं. अशा शहरात सहा वाजता जेवायला खोलीवर परतायचं म्हणजे निम्मं शहर हातचं घालवायचं. म्हणून माझं मत असं की टोकियोत चांगलं हॉटेल घ्यावं, आणि घ्यायचंच तर उंचावरचं. शिंजुकूतलं पार्क हयात १९९४ पासून एका गगनचुंबी इमारतीच्या ३९व्या ते ५२व्या मजल्यांवर आहे. तिथून खाली न संपणारं शहर दिसतं, आणि ते बघणं हाही टोकियो समजून घेण्याचाच भाग आहे. क्योटोत अशी उंची मिळायचीच नाही. २००७ पासून तिथे मध्यवर्ती भागातही इमारती ३१ मीटरच्या वर नेता येत नाहीत, डोंगरांची रेषा दिसत राहावी म्हणून. तिथली महागडी हॉटेलंही म्हणूनच जमिनीला धरून आहेत आणि त्यांचा सगळा भर बागेवर असतो. फोर सीझन्सच्या आवारात तर बाराव्या शतकातलं तळं आहे.

आमची आई शाकाहारी, बाबा मासे खाणारे. आईच्या जेवणाचा प्रश्न हा या सगळ्या निवडीतला सर्वांत खडतर भाग होता. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, आणि दाशी म्हणजे बहुधा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवून कडक केलेल्या माशाच्या किसाचं पाणी. भाजी भाजीच असते, पण ती शिजलेली त्या पाण्यात. हॉटेलात हा प्रश्न टळतो. एका इमारतीत चार-पाच उपाहारगृहं असतात, एक इटालियन असतं, न्याहारीच्या टेबलावर फळं, ब्रेड, दही असतं, बाहेर जाऊन भारतीय जेवता येतं. ऱ्योकानमध्ये तो टाळता येत नाही, त्याला सामोरं जावं लागतं. मी आधी दोन-तीन ठिकाणी पत्रं पाठवली. एका ठिकाणाहून नम्र नकार आला: आमच्या आचाऱ्याला माशाशिवाय दाशी करून पाहुण्यांपुढे ठेवण्याइतका आत्मविश्वास नाही, क्षमा असावी. मला त्या नकाराचा राग आला नाही. 'हो हो, करतो' म्हणून गुपचूप तेच पाणी घालणारे आपण कमी पाहिलेले नाहीत. जिथे आम्ही राहिलो त्यांनी उलट प्रश्नांची यादी पाठवली. अंडं चालतं का? कांदा-लसूण? दूध? मशरूम? आणि त्या रात्री आईसाठी कोम्बू नावाच्या समुद्री शैवालाची आणि वाळवलेल्या शिइताके मशरूमची दाशी केलेली होती. युबा, म्हणजे सोयाबीनच्या दुधावर धरणारी साय, क्योटोची खासियत. ती आली. तिळाचं तोफू आलं, वर हिरव्या वासाबीचा ठिपका. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण, लावून भाजलेलं वांगं आलं, आणि ते खाताना आईने डोळे मिटले. बाबांच्या आणि तिच्या ताटांत दर वेळी बशी तीच, मांडणी तीच, जिन्नस वेगळा. तिला कुठेही वेगळं पाडलेलं नव्हतं. नाकाईसान प्रत्येक वेळी तिच्यापुढे बशी ठेवताना दोन शब्दांत सांगायच्या, यात काय आहे आणि पाणी कशाचं आहे. शाकाहारी माणसाला या देशात निर्धास्त जेवता येणं किती दुर्मीळ आहे हे जे गेलेत त्यांना विचारा. आणखी एक ठिकाण म्हणजे कोयासानची देवळं. तिथे पन्नासेक मठांत मुक्कामाची सोय आहे आणि जेवण मुळातच मांस-मासे, कांदा-लसूण वर्ज्य असलेलं. पण ते शहर नव्हे, डोंगरावरची वस्ती आहे, आणि त्याच्याबद्दल कधीतरी निवांत लिहीन.

बाबांचं रडगाणं गुडघ्यांचं. रडगाणं म्हणते, पण दुखतं त्याला दुखतंच. आमची खोली आठ तातामींची होती, आणि क्योटोची तातामी टोकियोकडच्यापेक्षा मोठी असते, जवळजवळ १९१ सेंटिमीटर लांब, म्हणून खोली ऐसपैस. नवी तातामी घातली होती, तिला सुकत चाललेल्या गवताचा वास येत होता आणि अनवाणी पायाला ती किंचित थंड, किंचित खरखरीत लागत होती. पण बसायचं तर जमिनीवरच. पाठ असलेली पण पाय नसलेली खुर्ची होती, तीत बसून बाबांना धड मांडीही घालता येईना आणि पाय सोडताही येईनात. दुसऱ्या बशीपर्यंत त्यांनी तीनदा कूस बदलली. तिसऱ्या बशीबरोबर नाकाईसान एक ठेंगणी लाकडी खुर्ची आणि तिच्या उंचीचं छोटं मेज घेऊन आल्या. आम्ही मागितलं नव्हतं. त्यांनी नुसतं पाहिलं होतं. बाबा सुखावले आणि थोडे खजीलही झाले. "एवढं लक्ष ठेवून असतात म्हणजे नीट खाल्लं नाही तरी कळत असेल," असं ते म्हणाले, आणि खरंच कळत होतं. बाबांना ते अंगावर आल्यासारखं वाटलं. आईला त्यात माया दिसली. दोघंही बरोबर होते असं मला आजही वाटतं.

अंघोळीचंही तसंच. ऱ्योकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गरम पाण्याचे झरे येतात, पण क्योटो शहरातल्या बहुतेक ऱ्योकानांत नैसर्गिक झरा नसतो. आमच्याकडे हिनोकी लाकडाचा एक खोल हौद होता, वेळ ठरवून एकेका कुटुंबाने वापरायचा. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं आणि मग पाण्यात उतरायचं, हे आईला लगेच पटलं. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं, लाकूड ओलं होऊन लिंबासारखा वास सोडत होतं. आई आणि मी एकामागून एक त्यात उतरलो. लहानपणी बंबाच्या पाण्याने तिने मला न्हाऊ घातलं असेल, त्यानंतर आम्ही दोघी एकाच न्हाणीघरात कधी नव्हतो. ती पाठ टेकून छताकडे बघत राहिली आणि तिने तिच्या आईबद्दल मला पूर्वी कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. ती इथे लिहिणार नाही.

हॉटेलात ती गोष्ट निघाली असती का, मला सांगता येत नाही.

पण हॉटेलं उपरी आणि ऱ्योकान तेवढे अस्सल, ही वाटणी मला मान्य नाही, आणि तिच्याविरुद्ध मी जीव तोडून बोलते. टोकियोचं इम्पीरियल हॉटेल १८९० चं आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वर या देशात मोठ्या हॉटेलांचीही परंपरा आहे, आणि ती कुणाची नक्कल राहिलेली नाही. त्याच इम्पीरियलची फ्रँक लॉइड राइट या अमेरिकी वास्तुरचनाकाराने बांधलेली इमारत १ सप्टेंबर १९२३ ला उघडायची होती आणि नेमका त्याच दिवशी कान्तोचा महाभूकंप झाला. आजूबाजूचं शहर कोसळलं, जळलं, इमारत थोडीफार मोडतोड होऊन उभी राहिली. पुढे १९६८ मध्ये माणसांनीच ती पाडली. तिचा दर्शनी भाग मात्र नागोयाजवळच्या इनुयामाला मेइजी-मुरा या उघड्या संग्रहालयात परत उभा केला आहे. कामाच्या दौऱ्यातल्या एका रविवारी मी तिथे गेले होते. सच्छिद्र ओया दगडात कोरलेली नक्षी, ठेंगणं छत, विटांमधून गाळून येणारा उजेड. त्या लॉबीत उभं राहिल्यावर आपण परक्या ठिकाणी नाही, जपानातच आहोत, याबद्दल मनात शंका उरत नाही.

ओकुरा हॉटेलचंही तसंच. १९६२ साली योशिरो तानिगुचींनी त्याची लॉबी केली होती: वरून माळेसारखे लोंबणारे षट्कोनी दिवे, आणि गोल लॅकरच्या मेजाभोवती पाच-पाच खुर्च्या, वरून पाहिल्या तर उमेच्या, म्हणजे जपानी प्लमच्या, फुलाच्या पाकळ्या दिसाव्यात अशा. २०१५ मध्ये ती इमारत पाडायचं ठरलं तेव्हा जगभरातून लोकांनी विरोध केला. ती पडलीच, पण २०१९ मध्ये नवीन ओकुरा उघडलं तेव्हा त्यात ती लॉबी पुन्हा उभी केलेली होती, आणि ती उभी करणारे होते योशिओ तानिगुची, मूळ वास्तुरचनाकाराचे चिरंजीव. बापाचं काम मुलाने हातात घेऊन जसंच्या तसं पुढे देणं, हे जुन्या ऱ्योकानांत चालतं त्याहून वेगळं कुठे आहे? आणि आज जपानी घराघरांत असलेली साच्यातली न्हाणीघरं, तीही हॉटेलचीच देणगी. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी हॉटेल वेळेत पुरं व्हायला हवं होतं. हजाराच्या वर खोल्या, एकेक न्हाणीघर बांधत बसलं तर ऑलिंपिक संपून जाईल. तेव्हा तोतो कंपनीने कारखान्यात तयार केलेली न्हाणीघरं आणून बसवली. तिथून ती पद्धत देशभर पसरली.

कायद्यानेही २०१८ मध्ये ही भिंत पाडली. त्याआधी हॉटेल आणि ऱ्योकान यांचे परवाने वेगवेगळे होते, हॉटेलला निदान दहा खोल्या लागत, ऱ्योकानला पाच. आता दोन्ही एकाच प्रकारात मोडतात. प्रत्यक्षातही सरमिसळ झालेलीच आहे. टोकियोत ओतेमाचीच्या बँकांच्या जंगलात २०१६ मध्ये होशिनोया नावाचा सतरा मजली ऱ्योकान उभा राहिला. बूट दारातच काढायचे, लिफ्टमध्येसुद्धा तातामी, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर १५०० मीटर खोलवरून वर आणलेल्या झऱ्याचं पाणी. त्याच शहरात यानाकाच्या जुन्या वस्तीत सावानोया नावाचं बारा खोल्यांचं घर आहे. १९८२ मध्ये गिऱ्हाईक आटल्यावर त्यांनी परदेशी प्रवाशांना दार उघडलं आणि रात्रीचं जेवण देणं बंद केलं, बाहेर वस्तीतल्या खाणावळींत जा म्हणाले. दोन्हींना ऱ्योकानच म्हणतात. क्योटोत फुयाचो रस्त्यावर तावाराया आणि हिइरागिया समोरासमोर आहेत, पहिला तीनशे वर्षांचा, दुसरा १८१८ चा. मी त्या रस्त्याने संध्याकाळी सहज चालत गेले होते. पाणी शिंपडलेला दगडी उंबरा, बाहेर एक दिवा, आवाज नाही. आत राहण्याची ऐपत माझी नाही, आणि तिथे उभी असताना त्याचं वाईटही वाटलं नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. १९८० च्या आसपास देशात ८०,००० हून अधिक ऱ्योकान होते, आता त्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली आहे. मुलांना चालवायचा नाही, इमारतीची डागडुजी परवडत नाही, आणि काम करायला माणसं मिळत नाहीत. नाकाईचा दिवस पहाटेच्या न्याहारीपासून सुरू होतो, मधे दुपारचे काही तास रिकामे, आणि पुन्हा तीनपासून रात्री अंथरुणं पडेपर्यंत. अशा फुटक्या पाळीत संसार सांभाळायचा कसा? तरुण मुली हे काम घेत नाहीत यात नवल नाही. काही ऱ्योकानांनी आता खोलीत जेवण वाढणं बंद केलंय, काहींनी पलंग टाकलेत म्हणजे अंथरूण घालायला माणूस नको. २०१९ पासून परदेशी कामगारांना मुक्कामाच्या धंद्यात यायला वेगळा व्हिसा मिळतो. आमच्या टोकियोच्या हॉटेलात न्याहारीच्या वेळी एक नेपाळी मुलगी होती, पोखऱ्याची. आईचं कुंकू बघून ती हिंदीत बोलायला लागली. जपानी शिकून आली होती, पहाटे साडेचारला उठत होती, आणि धाकट्या भावाची फी भरत होती. चौथ्या दिवशी तिने आईसाठी आतून गरम दूध आणून दिलं, जे त्या टेबलावर कुठेच नव्हतं. त्या चकचकीत, कुणालाही कुणाचं काही देणंघेणं नसलेल्या जागेत तो दुधाचा पेला आला, तेव्हा माझ्या मनातली हॉटेल आणि ऱ्योकानची सगळी मांडणी हलली. माणसाने माणसाकडे बघणं ऱ्योकानच्या मालकीचं नाही. तिथे ते कामातच धरलेलं असतं. हॉटेलात ते कुणाच्या तरी मनात आलं तर होतं.

परतल्यावर घरात यावरून बरीच चर्चा झाली. बाबा म्हणतात, हॉटेलच बरं, मला रात्री अकराला रस्त्यावर चक्कर मारून यायला आवडतं आणि येताना कुणी दारात उभं राहून वाट बघतंय ही कल्पना सहन होत नाही. त्यांचं खरं आहे. वाट बघणारं माणूस असलं की पाय परत वळतात, आणि प्रवासात पाय मोकळे हवे असतात. आई म्हणते, मला ऱ्योकानच हवा, पण एक रात्र नको, एका रात्रीत मी नुसती अवघडून होते, दुसऱ्या रात्री नीट बसता आलं असतं. तिने असं म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. सेवा घेणं हे शिकावं लागतं आणि शिकायला दुसरी रात्र लागते, हे तिला आपसूक कळलं होतं. पैशांचंही बोलणं झालं. तीन माणसांचा दर माणशी हिशेब केला की आकडा छातीत धडकी भरवतो, आणि १ मार्च २०२६ पासून क्योटोने मुक्कामावरचा करही वाढवला आहे, सर्वांत महाग खोल्यांना माणशी रात्रीला १०,००० येनपर्यंत. आम्ही त्या गटात नाही, तरी आमच्याही वाट्याला वाढ आहेच. मी म्हटलं, पुढच्या खेपेला नारा आणि हिरोशिमा गाळू, दोन गावं कमी बघू, पण ऱ्योकानच्या दोन रात्री घेऊ.

तसंच ठरलं आहे. टोकियोत हॉटेल, बाबांच्या रात्रीच्या चकरांसाठी स्टेशनाला लागून. क्योटोत दोन रात्री ऱ्योकान, बाबांची ठेंगणी खुर्ची आणि आईची कोम्बूची दाशी आधीच कळवून. चुलतभावाने क्योटोसाठी बावीस ठिकाणांची यादी करून पाठवली आहे. मी ती वाचली, त्यातली सकाळची चार ठेवली आणि बाकीची काढून टाकली. त्या दोन दिवशी दुपारी तीननंतर आम्ही कुठेही जाणार नाही.